डाव्या खुर्चीतले अकरा आठवडे

ती बूट दाराबाहेर काढायची, टाचा भिंतीला टेकवून. अनोळखी खोलीत शिरली की बसण्याआधी दुसरं दार कुठे आहे ते बघून घ्यायची. गॅस बंद केला की बटणावर बोट ठेवून मोठ्याने म्हणायची, "बंद." फोनवर कुणी काही सांगितलं की तेच परत म्हणून दाखवायची. "साडेपाच, दवाखान्याच्या मागचं फाटक, बरोबर?" समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी बघून वाऱ्याचा वेग सांगायची. चहा घोटभर उरवायची. शब्दकोडं पेनाने सोडवायची आणि चुकलं तरी खाडाखोड करायची नाही.

ती जिवंत आहे. ठणठणीत आहे. काल सकाळीच तिचा फोन आला होता. तरी मला तिच्याबद्दल असंच लिहिता येतं आहे, संपल्यासारखं. जे झालं ते इतकं चटकन झालं की मी अजून त्या टेबलापाशीच उभी आहे. म्हणून क्रमाने लिहिते.

मी तिची भाडेकरू. मागची खोली माझी. साहित्यात एम.ए. केलं आणि आता शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. ती विमान कंपनीत वैमानिक. मी तिला ताई म्हणते. राहायला आले त्या आठवड्यातच तिने माझ्या हातात एक जाड वही दिली.

"प्रश्न विचार."

मी वाचलं, "हिरव्या यंत्रणेतला दाब गेला, तर कोणते ब्रेक उरतात?"

"कविता नाहीये गं ती. सपाट वाच. आमच्याकडे कुणी यमक जुळवून मरत नाही."

वही कॅप्टनच्या परीक्षेची होती. कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या असतात. डावी कॅप्टनची, उजवी सहवैमानिकाची. विमान दोघंही चालवतात, आळीपाळीने. शेवटचा शब्द मात्र डावीकडचा. ताई अकरा वर्षं उजवीकडे बसली होती. तिच्याबरोबर लागलेले पुरुष सहा-सात वर्षांत डावीकडे गेले. तिची तपासणी दोनदा झाली आणि दोनदा नापास. पहिल्या परीक्षकाने लिहिलं, निर्णय घाईने घेते. आठ महिन्यांनी दुसऱ्याने लिहिलं, निर्णयाला वेळ लावते.

"म्हणजे मधल्या आठ महिन्यांत कधीतरी मी अगदी बरोबर असणार," ती म्हणाली. "नेमकं तेव्हा कुणी बघायला नव्हतं."

तिसऱ्यांदा ती पास झाली. खांद्यावर चौथी पट्टी आली. घरी आली तेव्हा तिने आधी वडिलांना फोन लावला. ते शहर बससेवेत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. ती विमान उतरवून आली की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "गाडी नीट लागली का?" त्या दिवशी त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "आता क्लीनर नाहीस तू, पोरी. आता स्टिअरिंग तुझं."

कंपनीने तिचा फोटो काढला. फोटोग्राफर सारखा म्हणत होता, मॅडम, थोडं हसा. कार्यालयाच्या भिंतीवर बावीस कॅप्टनांचे फोटो आहेत. हसणारी ती एकटीच.

सहकाऱ्यांनी केक कापला. एक ज्येष्ठ कॅप्टन म्हणाले, "आता गाडी पार्क करायला पण शिकून घ्या." सगळे हसले. ताईही हसली. तिच्या नियमांच्या काटेकोरपणामुळे पाठीमागे तिला "हेडमास्तरीण" म्हणायचे. समोर "मॅडम." कॅप्टन हा शब्द मात्र कुणाच्या तोंडी सहज येत नसे. ती म्हणायची, "दात दुखतो बहुतेक त्यांचा."

हे अकरा आठवडे चाललं.

बाराव्या आठवड्यातल्या मंगळवारी ती संध्याकाळी सहाला यायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि काय झालं ते मला सांगितलं. मी तिच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते.

उतरताना वारा आडवा होता, झटके देणारा. उजवीकडे बसलेला सहवैमानिक सव्वीस वर्षांचा. प्रत्येक परीक्षेत पहिला आलेला, म्हणून सगळे त्याला टॉपर म्हणतात. विमान ताईच्या हातात होतं. आकडे बघायचं काम टॉपरचं. वेग ठरलेल्यापेक्षा दहाने वाढला, तर उतरायचं नाही, पुन्हा वर जायचं, असा नियम. आठशे फुटांवर टॉपर म्हणाला, "वेग जास्त. वर चला."

इथे एक नियम आहे, आणि सगळं त्यावरच आहे. दोघांपैकी एकानेही "वर चला" म्हटलं, तर वर जायचं. का, कशाला, नक्की का, हे विचारायचं नाही. वाद जमिनीवर घालायचा. ताईने विमान वर नेलं.

वर गेल्यावर पंचवीस मिनिटं थांबा, असं खालून, नियंत्रण कक्षातून, सांगण्यात आलं. इंधन पंधरा मिनिटं थांबण्यापुरतं होतं. ती शेजारच्या शहरात जाऊन उतरली. प्रवासी वैतागले. मग कर्मचाऱ्यांचे कामाचे तास संपले आणि सगळ्यांची सोय तिथेच करावी लागली. तिच्यामागची दोन विमानं मात्र त्याच वाऱ्यात व्यवस्थित उतरली होती.

तिथल्या धावपट्टीच्या कडेला विमानात बसूनच तिने अहवाल लिहायला घेतला. टॉपर पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, वेग नऊनेच वर होता बहुतेक. मी दहा वाचला. पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. माझं नाव नसलं तर..."

ताईने लिहिलं, वर जाण्याचा निर्णय कॅप्टनचा.

"का पण?" मी विचारलं.

"अकरा वर्षं माझ्या डावीकडे बसलेल्यांनी माझी एकेक चूक फाइलमध्ये लिहिली. मी डावीकडे गेले की असं करणार नाही, असं ठरवलं होतं." मग म्हणाली, "आणि तो बोलला हे चांगलंच केलं ना त्याने? बोलल्याबद्दल पोरांना शिक्षा व्हायला लागली की पोरं बोलायची बंद होतात. मग विमानं पडतात."

तिला वाटलं होतं विषय संपला.

आठ दिवसांनी मुख्य वैमानिकांनी बोलावलं. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात. त्यांच्या खोलीबाहेर एक पाटी आहे: वर गेल्याबद्दल इथे कुणालाही जाब विचारला जात नाही. आत टेबलावर विमानातल्या नोंदयंत्राचे आकडे छापून ठेवलेले. वेग नऊने वर. मर्यादा दहाची.

"उतरता आलं असतं," साहेब म्हणाले.

"हो."

"मागची दोन्ही उतरली."

त्यांच्या कॉकपिटमध्ये कुणी वर चला म्हटलं नव्हतं, हे वाक्य ताईच्या ओठांवरच राहिलं.

"हा आत्मविश्वासाचा प्रश्न आहे. काही महिने उजवीकडे बसा. पुन्हा प्रशिक्षण घ्या. शिक्षा नाही हो ही. सावरायला वेळ देतोय."

"मी पडले कुठे?"

"तेच. पडू नये म्हणून."

हातात पत्र दिलं. पंधरा दिवसांत, शुक्रवारी बारापर्यंत, काही म्हणणं असेल तर लेखी द्यावं. नाहीतर निर्णय कायम.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. तिने स्पीकरवर ठेवला, कारण हातात कणकेचा गोळा होता. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "एकतीस वर्षांत मी हजारदा ब्रेक मारला असेन. निम्म्या वेळा समोर काही नव्हतंच. मला कुणी कधी कागद दिला नाही."

"तुम्ही बाई नव्हता, बाबा."

"ते खरंच," ते म्हणाले. "आता खरं काय ते लिही आणि मोकळी हो."

ती मोकळी होईल असं मलाही वाटलं. सोपं होतं. "वर चला" टॉपरने म्हटलं होतं, नियम तिला बांधत होता. एवढं लिहिलं की डावी खुर्ची परत. पुरावा? कॉकपिटमधलं बोलणं रेकॉर्ड होतं, पण शेवटचे दोनच तास उरतात. विमान त्या परक्या विमानतळावर तीन तास दिवे चालू ठेवून, म्हणजे रेकॉर्डिंगही चालू ठेवून, उभं होतं. टॉपरचे शब्द कधीच पुसले गेले होते. म्हणजे टॉपरने स्वतः सांगायला हवं होतं.

रविवारी दुपारी तो घरी आला. मी दार उघडलं. हातात फळांची पिशवी, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी. आत येऊन म्हणाला, "ताई, कशा आहात?"

ताई कपडे घड्या करत होती. "विमानात कॅप्टन म्हणायला जीभ जड होते तुझी. आणि इथे एकदम ताई?"

तो बसला नाही. "मला साहेबांनी विचारलं, 'तू काही बोललास का?'"

"मग?"

"मी नाही म्हणालो. तुमच्या अहवालात नव्हतं ना. मला वाटलं, दोघांचं सारखं असलेलं बरं."

"तोंडी म्हणालास की लिहून दिलंस?"

"लिहून."

ताईच्या हातातली घडी तशीच राहिली. मला तिचा चेहरा दिसत होता. राग नव्हता त्यावर. हिशेब लागल्यावर जसं माणूस मान हलवतं, तशी तिने मान हलवली.

"म्हणजे माझाच कागद माझ्या अंगावर टाकलास."

"ताई, आता तुम्ही वेगळं लिहिलंत तर मी खोटं लिहून दिलं असं होईल. चुकीचं बोलल्याबद्दल एक शेरा मिळाला असता. खोट्याबद्दल नोकरी जाते. परवाना पण. तुम्ही निदान उजवीकडे तरी बसाल."

"निदान," ताई म्हणाली.

तो गेल्यावर मी भडकले. म्हटलं, पिशवी त्याच्या डोक्यावर का नाही मारलीस? सगळं लिहून टाक. ती म्हणाली, "लिहीन. तू वाक्यं नीट कर. साहित्यवाली घरात असून माझी भाषा तक्रार पेटीतली नको."

चार दिवस ती लिहीत होती. सकाळी, जेवणाच्या टेबलावर, गणवेश घालायच्या आधी. मी कामावरून आले की मला वाचायला द्यायची. तारीख, विमानाचा क्रमांक, वारा, उंची, सगळं चोख होतं. मला दुरुस्त करण्यासारखं काही सापडत नव्हतं. पण लिखाण आठशे फुटांशी आलं की थांबायचं. दुसऱ्या दिवशी ती नवा कागद घ्यायची आणि पुन्हा उड्डाणापासून सुरू करायची.

बुधवारी तिला कार्यालयात त्या ज्येष्ठ कॅप्टननी अडवलं. म्हणाले, "ऐकलं की तुम्ही पोराचं नाव घेणार? बघा हं. लोक म्हणतील, बाई आली आणि पहिल्याच वादळात पोराला बाहेर फेकलं." त्यांना हे कुणी सांगितलं कोण जाणे.

घरी येऊन तिने मला ते जसंच्या तसं ऐकवलं, त्यांच्या आवाजात. मी हसले नाही.

"ताई, तू खरं तेच लिहिते आहेस."

"हो गं. लिहिलं तर तो जातो. नाही लिहिलं तर मी जाते. दोन्हीत साहेबांचं काही जात नाही, हे बघ तू."

"मग साहेबांचंही लिही."

"रकाना नाही त्याला."

गुरुवारी सकाळी प्रशिक्षणासाठी तिला दुसऱ्या शहरात जायचं होतं. तीन आठवडे. तिने बॅग भरली. नवा कागद घेतला. मी आंघोळीला गेले तेव्हा ती लिहीत होती. मी बाहेर आले तेव्हा खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

मला वाटलं कागद घेऊन गेली. तिथून पाठवेल. मग टेबलाकडे बघितलं.

शुक्रवारी बाराला मी मुद्रितं बाजूला ठेवून घड्याळाकडे बघत बसले. फोन केला, तिचा बंद होता. बारा वाजून गेले.

काल तिचा फोन आला. आवाज नेहमीचा. सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये बसून उजवीकडून चार वेळा उतरवलं म्हणाली. डावीकडे बसतो तो तिच्यानंतर चार वर्षांनी कंपनीत आलेला.

"ताई, तो कागद इथेच आहे."

"असू दे."

"मी काय करू त्याचं?"

मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं, मॅडम, मॅडम. "येते," ती त्यांना म्हणाली आणि फोन ठेवला.

कागद अजून टेबलावर आहे. मी तो हलवलेला नाही. वर तारीख आहे, विमानाचा क्रमांक आहे, वाऱ्याची दिशा आहे. तेरा ओळी पूर्ण आहेत. चौदावी अशी आहे:

आठशे फुटांवर सहवैमानिकाने