आबांची मिशरी आणि डंकेल

दर शनिवारी सकाळी ठसका लागला की समजायचं, जोतीरामआबा बायकोसाठी मिशरी भाजतायत. आबा माझे चुलतसासरे. शेळगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तंबाखूची पानं तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि डबीत भरून जयवंतानानीच्या हातात द्यायची. नानी ती बोटानं दातांवर घासायची. धूर मात्र सगळा माझ्या स्वयंपाकघरात. मी भिंतीवरून ओरडायची, "आबा, हितं मानसं ऱ्हात्यात!"

"तुज्या नवऱ्यानं कधी भाजली का तुला? मग गप ऱ्हा!"

ते मात्र खरं. माझ्या नवऱ्यानं मला कधी तांब्याभर पाणी दिलं नव्हतं.

तरुणपणी दोघं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. तिकडं एकदा नानीची दाढ ठणकायला लागली, जीव नकोसा झाला. आबांनी खापरीवर तंबाखू भाजून चोळायला दिली आणि ठणका थांबला. पुढं मेंढरं गेली, रानात ऊस आला, पोरं कामाला लागली, पण आबांचं भाजणं काही सुटलं नाही. बाकी माणूस खडूस. उभ्या जन्मात बायकोला नावानं हाक नाही, नुसतं "ए". एक लुगडं कधी आवडीनं आणलं नाही. जी काय माया होती ती त्या तव्यावर.

मग त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साली गावात डंकेल शिरला. पारावर दत्तोबा पेपर मोठ्यानं वाचायचा: डंकेल नावाच्या परदेशी साहेबाच्या मसुद्यावरून व्यापाराचा गॅट करार होणार, परदेशी कंपन्या येणार, परदेशी सिगारेटी येणार, देशी धंदे मोडणार. आबांच्या डोक्यात ते असं बसलं की विचारू नका. म्हशीनं लाथ मारली तरी डंकेल आणि लाईट गेली तरी डंकेल.

त्याच उन्हाळ्यात नानीला तिखट सोसेना. घास घेतला की तोंड धरून बसायची. मी मागं लागून दोघांना बारामतीला नेलं. दातांच्या डॉक्टरांनी नानीचा ओठ उलटा केला. आत पांढरा चट्टा. "मिशरी आजपासून बंद, आजी," ते म्हणाले. "नाहीतर याचा कॅन्सर होऊ शकतो."

मी मान डोलावली. आबांनी मात्र डोळे बारीक केले. स्टँडवर आल्यावर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "वळखलास का? डंकेलचा मानूस हाय ह्यो. आदी आपली तंबाखू बंद पाडायची, मग परदेशी शिगरेटी इकायच्या."

"अवो आबा, नानी काय शिगरेट वढनार हाय व्हय?"

"आज न्हाय वढनार. उद्याचं कुनी बघितलंय?"

आणि शनिवारी पुन्हा तवा चढला. मी भिंतीपाशी जाऊन भांड भांड भांडले, शेवटी रडले. नानीनं नेहमीसारखी डबी घेतली. मला दोघांचाही संताप आला आणि रात्री झोपही लागली नाही.

पुढच्या आठवड्यात मी आणि आबा वालचंदनगरला बाजाराला गेलो. तिथं रंगवलेली गाडी उभी, गाणी लावलेली, आणि टोपीवाला एक गडी कॉलेजच्या पोरांना परदेशी नावाच्या सिगारेटी फुकट वाटतोय. आबांना तेवढंच पाहिजे होतं. कोपरापर्यंत बाह्या सारून ते त्याच्यापुढं उभे राहिले.

"काय रं, बारामतीचा त्यो दातांचा डॉक्टर तुमचाच मानूस न्हवं?"

गड्यानं हात जोडले. "बाबा, डॉक्टरांचं नाव काढू नका. तोंडाच्या कॅन्सरचे फोटो घेऊन कॉलेजात फिरतात ते. आमची गाडी दिसली की भांडायला येतात. लोकांनी त्यांचं ऐकलं तर आमच्या पोटावर पाय."

"म्हंजी त्यो तुमच्याबी इरोधात हाय?"

"आमच्या, बिडीच्या, मिशरीच्या, सगळ्यांच्याच."

आबांचा चेहरा पडला. हातातली पिशवी तिथंच टेकवून ते चालायला लागले. मी हाका मारत मागून धावले. घरी आल्या आल्या आबांनी तवा उचलला, मळ्यातल्या विहिरीवर गेले आणि दिला टाकून. कमरेची चंची सोडून तीही तंबाखू-चुन्यासकट पाण्यात. मग काठावर मटकन बसले.

"मीच घालत हुतो गं तिच्या तोंडात," म्हणाले. "ह्या हातानं."

एवढा पहाडासारखा माणूस ढसाढसा रडला. मी जवळ बसले, पाठीवर हात ठेवला, एवढंच.

पुढचे दिवस वाईट गेले. नानीचं डोकं दुखायचं, आबा चंचीसाठी कंबर चाचपायचे आणि हात मागं घ्यायचे. शनिवार आला की हा माणूस अंगणात नुसता येरझाऱ्या घालायचा.

दिवाळी झाल्यावर पुन्हा बारामतीला गेलो. डॉक्टरांनी ओठ बघितला आणि हसले. चट्टा पुसट झाला होता. "दर दोन-तीन महिन्यांनी दाखवत राहा," म्हणाले. आबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. डंकेलचं काही बोलले नाहीत, नशीब माझं.

परतीच्या एसटीत दोघं माझ्या पुढच्या बाकावर. आबांनी विचारलं, "ए, दाढ ठनकती का गं आता?"

"कुठली दाढ?" नानी म्हणाली. "ती पडून जमाना झाला."

"आँ? मग इतकी वर्षं मिशरी कशापायी लावत हुतीस?"

नानी खिडकीबाहेर बघत राहिली. "तुमी भाजून देत हुता म्हून."

बाकाच्या फटीतून मला दिसलं, आबांनी तिचा हात धरला होता. एवढ्या भरल्या एसटीत, ह्या माणसानं!

त्या शनिवारी सकाळी भिंतीपलीकडून पुन्हा भाजल्याचा वास आला. टाचा उंचावून बघितलं, तर आबा चुलीपुढं बसून नव्या तव्यावर बडीशेप परतत होते आणि शेजारी नानी डबी उघडून वाट बघत होती.