शेजारच्या खाटेवरचा नट

शैलेंद्र मेढेकर पोटासाठी डब्लिनच्या सँट्री भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. पण "काय करता?" असं कुणी विचारलं, तर आधी नाटकाबद्दल बोलतो. गेली अकरा वर्षं तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतलं नाटक तोच लिहितो, तोच बसवतो आणि योग्य माणूस सापडत नाही म्हणून मुख्य भूमिकाही तोच करतो. सापडत नाही कारण तो शोधतच नाही, असं त्याची बायको उल्का म्हणते. आवाज मात्र खणखणीत, हे कबूल करायला हवं. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूस दचकून जागा होतो.

त्याच मंडळात पियूष भोयर आहे. नागपूरचा, एकतीस वर्षांचा, डब्लिनला एम.एस. करायला आला आणि नोकरी लागून इथलाच झाला. चार वर्षांत शैलेंद्रनं त्याला दोनदा पत्र आणून देणारा निरोप्या केलं आणि दोनदा पडदा ओढायला लावला. "तुझी भाषा, पियूष. वाईट वाटून घेऊ नकोस," असं तो दरवेळी सांगायचा. पियूष खरोखरच वाईट वाटून घ्यायचा नाही. अशा माणसांचा आपल्याला राग यायला वेळ लागतो, पण आला की जात नाही.

तर झालं असं. डब्लिनबाहेरच्या नावन गावापासून अर्ध्या तासावर एक जुनं, ऐंशी खिडक्यांचं घर आहे. तिथं एका इंग्रजी मालिकेचं शूटिंग होणार होतं. पहिल्या महायुद्धातलं गर्भश्रीमंत इंग्रज कुटुंब, थोरला मुलगा फ्रान्समध्ये बेपत्ता, आणि घराच्या दिवाणखान्यात जखमी सैनिकांचं इस्पितळ. कुटुंब इंग्लंडचं आणि घर आयर्लंडचं, पण टीव्हीवर कुणाला कळतंय! इस्पितळात हिंदी शिपाई दाखवायचे होते. त्यांतल्या एकाला मराठीत बोलायचं होतं. एकच वाक्य.

"उल्का, हे माझंच आहे," शैलेंद्र म्हणाला.

"एक वाक्य आहे रे. तीन अंक नाहीत," उल्का म्हणाली.

निवड-चाचणीला तो पियूषला सोबत घेऊन गेला, कारण गाडी उल्काला हवी होती आणि पियूषकडे गाडी होती. एवढी एकच चूक त्यानं केली. आत जाऊन त्यानं स्वतःच्याच नाटकातलं मरणाचं स्वगत म्हटलं. छाती पिटली, गुडघ्यावर बसला, खिडकीची तावदानं थरथरली. निवड करणारी बाई "लव्हली, लव्हली" म्हणाली. मग दाराशी किल्ली घेऊन उभ्या असलेल्या पियूषला तिनं सहज विचारलं, तुझं गाव कोणतं, घरी कोण असतं? पियूषनं सांगितलं. आई एकटी असते, म्हणाला. बाई बराच वेळ ऐकत राहिली.

आठवड्यानं ईमेल आलं. वाक्य पियूषला. शैलेंद्रला शेजारची खाट, तोंडाला बँडेज, फक्त एक डोळा उघडा.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते त्या संध्याकाळी उल्कानं डोळ्यांनी पाहिलं. "ज्याला मी पडदा ओढायला लावला तो! दार बंद करताना आवाज होतो त्याचा, इतका तो बेंगरूळ!" असं म्हणत शैलेंद्र स्वयंपाकघरात येरझारा घालत होता. वर पियूषचा फोन आला. "दादा, तुमच्याबिगर नसतं झालं हे," म्हणाला. शैलेंद्रनं आयरिश लोकांसारखं "ग्रँड, ग्रँड" म्हणून फोन ठेवला आणि जेवला नाही. मत्सर वाईट असतो हे त्याला माहीत होतं. अकरा नाटकांत त्यानं ते प्रेक्षकांना सांगितलं होतं.

शूटिंगला सकाळी सहालाच बोलावलं होतं. वीस लोखंडी खाटा, राखाडी घोंगड्या, भिंतीवर त्या घराण्याचे मेलेले पूर्वज. शैलेंद्रच्या तोंडाला नाकापासून हनुवटीपर्यंत आणि एका डोळ्यावर पट्ट्या गुंडाळल्या. अभिनय करायला उरला एक डोळा. त्यानं त्या डोळ्यात वेदना आणायचं ठरवलं. कॅमेरा त्याच्याकडे पाठ करून उभा होता.

प्रसंग साधा होता. घराची मालकीण, जिचा मुलगा बेपत्ता आहे, शिपायाच्या खाटेवर बसते आणि त्याचं पत्र लिहून घेते. तिला मराठी कळत नाही, त्याला इंग्रजी येत नाही. तरी तो बोलतो आणि ती लिहायला बसते. दिग्दर्शिका पियूषला म्हणाली, तुझ्या घरच्या भाषेत आईला जे कळवशील ते बोल.

तालमीत पियूष छताकडे बघून हळूच म्हणाला, "आईले सांगजा, मी बरा आहो. इथं थंडी लय आहे, पण घोंगडी देल्ली यायनं."

लाइटवाला आयरिश माणूस शिडीवर होता तसाच थांबला. मालकीण झालेल्या नटीच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. आणि सांगायलाच हवं, बँडेजखाली शैलेंद्रलाही आपली आई आठवली. त्याच क्षणी त्याला कळलं, की हे आपल्याला कधीच जमणार नाही. आधी नुसता जळत होता, आता पेटला.

चहाच्या सुट्टीत पियूष कागदी कप घेऊन त्याच्या खाटेशी आला. "दादा, खरं सांगा. हा शिपाई साताऱ्याकडचा हाय म्हणते. असा बोलन का तो? आपल्याकडचे लोक हसतीन ना?"

खरं सांगायचं तर तिथंच सांगता आलं असतं. एक 'नाही' पुरलं असतं. शैलेंद्रनं बँडेज जरा खाली ओढलं.

"हसतील," तो म्हणाला. "पुण्यात तर फारच हसतील. कागद आण."

आणि त्यानं लिहून दिलं. अकरा वर्षांची सगळी विद्या त्यात ओतली: "हे माते! सातासमुद्रापलीकडच्या या परक्या प्रासादात, मृत्यूच्या उंबरठ्यावर उभा असलेला तुझा हा अभागी पुत्र तुला अखेरचा मुजरा करीत आहे!" वर म्हणाला, "आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. आणि 'मुजरा'वर हात उचल."

पियूषनं कप खाली ठेवून पाठ करायला घेतलं. त्याच्या मनात शंकासुद्धा आली नाही. मंडळात दादांचा शब्द शेवटचा असतो, तसा तो इथंही होता.

पहिल्याच टेकला तो असा ओरडला की नटीच्या हातातलं पेन पडलं. दिग्दर्शिकेला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण काहीतरी हरवलंय एवढं तिला कळलं. ती खाटेजवळ येऊन बसली. मघाशी केलंस तसं कर, म्हणाली. पियूष गोंधळला. त्यानं शेजारच्या खाटेकडे पाहिलं, आता काय करू, असं. शैलेंद्रचा एकच डोळा उघडा होता. तो त्यानं मिटून घेतला.

आणखी तीन टेक झाले. प्रत्येक टेकला पियूषचा आवाज चढत गेला. मग खिडकीतला उजेड बदलला, दिग्दर्शिकेनं घड्याळ पाहिलं आणि सगळे पुढच्या प्रसंगाकडे वळले. परतीच्या वाटेवर पियूष गाडी चालवत होता आणि शैलेंद्र बाहेर बघत होता. मनासारखं झालं होतं. तरी त्याला वाटेत एकही गाणं लावावंसं वाटलं नाही.

त्यानंतर पियूष फारसा फिरकला नाही. आठ महिन्यांनी तो भाग आला. रविवारी दुपारी शैलेंद्रच्या घरी मंडळातली पंधरा माणसं जमली. उल्कानं साबुदाण्याची खिचडी केली होती. पियूषनं फोन टेबलावर उभा करून ठेवला होता, त्यात नागपूरहून त्याची आई. केस विंचरून, ठेवणीतली साडी नेसून बसली होती.

प्रसंग आला. मालकीण खाटेवर बसली. पियूषचा चेहरा दिसला, थकलेला, छान. त्यानं ओठ उघडले आणि चित्र खिडकीबाहेरच्या हिरवळीवर गेलं. वर पियानो वाजला. चित्र पुन्हा दिवाणखान्यात आलं तेव्हा मालकीण पत्राची घडी घालत होती. मागच्या खाटेवर एक बँडेज अर्धा सेकंद दिसलं.

"झालं का रे?" फोनमधून आई म्हणाली. "तू बोलला का? मले ऐकू नाही आलं."

पियूष हसला. कान लाल झाले होते. "काढून टाकलं, आई. दादांनी लय भारी लिहून देलं होतं. मलेच नाही जमलं. त्यायची मेहनत वाया गेली." मग शैलेंद्रकडे वळून म्हणाला, "सॉरी दादा. तवाच म्हणायचं होतं, हिंमत नाही झाली."

शैलेंद्रनं हातातली बशी खाली ठेवली. आठ महिने हा माणूस आपल्याला तोंड दाखवायला लाजत होता, आणि आपल्याला वाटत होतं की तो रागावलाय! त्याला ते सहन झालं नाही. तो उठला, फोनसमोर गेला.

"काकू, त्याची चूक नाही," तो म्हणाला. रंगमंचावरचा आवाज कुठं गेला कोण जाणे, चिरका निघाला. "तालमीत तो इतकं सुंदर बोलला होता की लोक रडले. मला बघवलं नाही. मी मुद्दाम बदलायला लावलं. मी बिघडवलं त्याचं."

फोनमधली बाई पदरानं डोळे टिपत म्हणाली, "पाहा पियूष, किती मोठ्या मनाचा माणूस! तुझी चूक आपल्या अंगावर घेऊन राहिला. पाय धर त्याचे."

"खरंच, दादा म्हणजे दादा," मागून कुणीतरी म्हणालं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. पियूष वाकला आणि त्यानं खरोखर पायांना हात लावला.

"अरे, नाही, मी खरं सांगतोय," शैलेंद्र म्हणत राहिला. जितकं म्हणत गेला तितक्या टाळ्या वाढल्या. एकटी उल्का टाळी वाजवत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

आणि तिला जे दिसलं ते खरंच होतं. त्या टाळ्या त्याला आवडत होत्या.