पिठीसाखर आणि पाहुण्याचं प्रेशर

हातातला चहा आधी संपवा. नंतर ठसका लागला तर मला बोल लावू नका! मी आयुष्यात माती बरीच खाल्लीय, पण ही जी खाल्ली ना, ती चारचौघांत, डॉक्टर बोलावून खाल्ली.

देवबागला आमचं घरगुती हॉटेल. तीन खोल्या, पुढे समुद्र, मागे खाडी, आणि मधे मी आणि माझं पोट. वॉटर स्पोर्ट्सची ती उघडी पोरं, पोटावर सहा-सहा वड्या घेऊन आमच्या अंगणातून ये-जा करायची. पाहुणे त्यांच्याबरोबर फोटो काढायचे आणि मला म्हणायचे, "काका, जरा बाजूला होता का?"

काका! बेचाळिसाव्या वर्षी! लागलो मालवणात जिमला जायला. तिथल्या ट्रेनरने एक डबा हातात ठेवला. क्रिएटिन. पांढरी पावडर, रोज एक चमचा पाण्यातून. डब्यावर एका दंडवाल्याचा फोटो. आईने तो बघितला आणि विचारलं, "विलास, ह्यो उघडो बापडो कोण रे? ह्येका कपडे नाय गावले?"

पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून मी ती पावडर काचेच्या बरणीत ओतली आणि बरणी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवून दिली. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

मग भेटला बाबल. बाबल म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. स्वतःची होडी आहे आणि जगातल्या प्रत्येक विषयावर स्वतःचं मत आहे. मी पावडर घेतो म्हटल्यावर त्याने जाळं खाली ठेवलं.

"विलास, मेल्या, ती पावडर घेव नको. दंड फुगतत, पण माणूस थंड जाता."

"थंड म्हणजे?"

"थंड म्हणजे थंड! बर्फातलो बांगडो बघलंस? दिसता ताजो. पण उडी मारता काय?"

तुम्हीच सांगा, एवढी शास्त्रीय उपमा दिल्यावर माणूस घाबरणार नाही? त्या दिवसापासून मी पावडर बंद केली. बरणी मात्र फळीवर तशीच राहिली.

आणि आमच्याकडे आलं कोल्हापूरचं एक जोडपं. अभिजित आणि पूजा. अंगावरची हळद उतरायची होती अजून. दोघं समुद्रात स्नॉर्कलिंग करून भर उन्हात परत आली, तर आईने कोकम सरबताचा जग पुढे केला. अभिजितने घटाघटा तीन ग्लास लावले. पूजाने एक घोट घेतला आणि "नंतर पिते" म्हणून ग्लास खाली ठेवला.

मी आत गेलो तर आई कपाळाला हात लावून बसलेली.

"काय झाला गो आये?"

"साखर संपली म्हणान पिठीसाखर घातलंय. पण हल्ली साखरेत पण भेसळ रे! चार डाव घातलंय तरी गोडी येयना. शेवटाक गूळ किसान घातलंय."

माझं लक्ष ओट्याकडे गेलं. बरणी! माझी बरणी! तळापर्यंत रिकामी!

अरे देवा! माणूस चमच्याने घेतो, ते ह्या नवऱ्या मुलाने डावाने घेतलं होतं. तेही मधुचंद्राला! माझ्या डोळ्यांसमोर तो बर्फातला बांगडा उभा राहिला. त्याला कोल्हापुरी फेटा होता.

सांगू कुणाला? आईला सांगावं तर ती रडणार. पाहुण्याला सांगावं तर तो मारणार. म्हटलं, उतारा करू. दुपारच्या जेवणात मी त्याच्या ताटात खाडीतल्या कालवांचा डोंगर केला. बायको सुषमा वाढत होती, तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि मीच वाढत सुटलो. शेवग्याच्या शेंगांची आमटी. वर अंडी.

"खा सर, खा. ताकद येते."

"अहो, बास की!"

"बास कसं? तुम्हाला आज लागणार आहे."

पूजाने माझ्याकडे असं काही बघितलं, की मी ताटाकडे बघायला लागलो.

संध्याकाळी बघतो तर अभिजित एकटाच बाहेर पायरीवर बसलेला. केस विस्कटलेले, खांद्यावर टॉवेल, चेहरा पडलेला. खोलीचं दार आतून बंद. जवळ जाऊन बसलो.

"सर, एक विचारू? म्हणजे... सगळं ठीक आहे ना?"

त्याने उसासा टाकला. "खरं सांगू? प्रेशर नाही."

"क... कधीपासून?"

"दुपारपासून. सकाळी फर्स्टक्लास होतं की! आता नुसतं थेंब थेंब."

"मॅडमना कळलं?"

"कळणार नाही होय? वैतागून बसलीय आत. म्हणाली, बसू नकोस असा, कुणाला तरी बोलावून आण."

"कुणाला तरी?!"

"मग काय करणार? मी पण हलवून बघितलं सगळं. काही उपयोग नाही."

मी घाम पुसला. "घरी कधी असं झालं होतं?"

"छे! घरी एकदम जोरात. तुमच्याकडंच पहिल्यांदा."

"तुम्ही काळजी करू नका. मी आत्ता माणूस बोलावतो."

"बोलवा. पण जाणकार बघा. नुसतं ठोकपीट करून जाणारा नको."

आता मला सांगा, मी कसा काय समजणार, की तो बाथरूमच्या शॉवरबद्दल बोलतोय?

मी तारकर्लीच्या डॉक्टर पिंटोबाईंना फोन लावला. साठीच्या बाई, आमच्या घरातलं बाळंतपणापासून पडशापर्यंत सगळं बघितलेल्या. म्हटलं, "बाई, पाहुण्याने चुकून बरीच पावडर घेतलीय. नवीन लग्न आहे, फार नाजूक आहे, लगेच या." बाईंना वाटलं उंदीर मारायची पावडर! स्कूटर उडवत आल्या.

अभिजित वाटच बघत होता. बाईंच्या हातातली बॅग बघून त्याचा चेहरा उजळला. "अरे वा, लेडीज पण करतात होय हे काम? या, इकडं बाथरूममध्ये."

"बाथरूममध्ये कशाला? आधी बेडवर झोपा."

"मी?"

"मग कोण? उलटी झाली का? चक्कर? लग्नाला किती दिवस झाले?"

"अहो बाई, शॉवर दुरुस्त करायला लग्न कशाला लागतंय?"

पूजा साबणाच्या डोक्यानेच बाहेर आली. मागून आई आली, सुषमा आली. सगळे एकमेकांकडे बघत होते. मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पळायला जागा नव्हती. पुढे समुद्र, मागे खाडी! सांगून टाकलं सगळं. बरणी, सरबत, बाबल, बांगडा. आईने "बाय माझे!" म्हणून पदर तोंडाला लावला. आणि सरबताच्या घोळात मी दुपारचा पंपच चालू केला नव्हता, टाकी कोरडी पडली होती, तेही तेव्हाच लक्षात आलं.

पिंटोबाई आधी हसल्या, मग खुर्चीत बसून हसल्या. अभिजित मात्र पांढरा पडला होता.

"डॉक्टर, मला काही होणार नाही ना? म्हणजे... त्या बाबतीत?"

"काही होत नाही रे बाबा! व्यायामात स्नायूंना थोडा जोर मिळतो, एवढंच तिचं काम. आपलं शरीर स्वतःसुद्धा ती बनवतं, मासे-मटणातून पण मिळते. तुला मूत्रपिंडाचा काही आजार?"

"नाही."

"मग चिंता नको. एकदम एवढी घेतलीस म्हणून फार तर पोट बिघडेल. पाणी भरपूर पी. बाकी ह्या पावडरीने पुरुषाची इच्छा कमी होते, ह्याला काही आधार नाही."

"वाढत पण नाय?" आईने पदराआडून विचारलं.

"वाढत पण नाय!"

अभिजितने श्वास सोडला. पूजा लाजून आत पळाली. मी पण सुटलो म्हणून पंपाकडे निघालो, तर सुषमा पुढे आली.

"डॉक्टर, म्हणजे त्या पावडरीन पुरुषमाणसाक काय्येक जायना?"

"काय्येक नाय."

"नक्की?"

"अगदी नक्की."

सुषमा माझ्याकडे वळली. कमरेवर हात.

"मगे ओ, तुमी माका दोन म्हयने काय सांगी होतास? रोज जेवलास की भिंतीकडे तोंड करून घोरतास, आणि इचारलंय तर म्हणतास, माझो दोष नाय, ह्यो पावडरीचो गुण!"

अभिजित एकदम आकाशातले ढग बघायला लागला. आई देवाला दिवा लावायला गेली.

आणि पिंटोबाईंनी बंद केलेली बॅग पुन्हा उघडली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि मला म्हणाल्या,

"ये विलास. पेशंट कोण ते आता कळलं."