तव्याचं तांबं

मी एकदा घरातल्या लोखंडी तव्याचं तांबं केलं होतं. म्हणजे, केलं असं मला वाटलं होतं. वय एकोणीस, लग्नाला सहा महिने, आणि सगळ्या वस्तीवर दहावी झालेली सून मी एकटीच. एवढं शिक्षण डोकं फिरायला पुरतं.

दुखणं होतं बंबाचं. मोठ्या जाऊबाईंनी माहेरून अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब आणलेला. दर शनिवारी त्या तो अंगणात चिंच-मीठ लावून घाशीत, आणि तो असा झळके की येणारा-जाणारा थांबून विचारी, "कुनाचा वो बंब?" माझ्या माहेरानं दिली होती स्टीलची भांडी. स्टीलला कोण विचारतं! आपलंही काहीतरी तांब्याचं असावं आणि जाऊबाईंनी एकदा तरी वळून बघावं, एवढीच माझी हाव.

आमची पारनेरकडे डाळिंबाची बाग. तिच्यावर फवारायला बोर्डो हे बुरशीचं औषध करायचं, म्हणजे मोरचूद एका पिंपात भिजवायचा, चुना दुसऱ्यात, आणि मग दोन्ही एकत्र. सासऱ्यांनी मला बजावलं होतं, "दोनी एक झाल्यावर कोयता बुडवून बघायचा. तांबूस झाला तर चुना कमी पडला म्हनायचं." मी पडले हुशार. चुन्याची वाट कोण बघतं? नुसत्या मोरचुदाच्या निळ्याशार पाण्यातच कोयता घातला. बाहेर काढला तर पातं लालबुंद. तांबंच!

मी आधी चारी बाजूंना बघून घेतलं, कुणी पाहिलं तर नाही ना. मग घरात गेले. विळी आणली, उलथनं आणलं, सांडशी आणली. आणि तवा. तव्यावर बोटभर काजळी होती, ती वाळूनं घासून घासून काढली. भाकरीसाठी तो मी इतक्या मायेनं कधी घासला नव्हता. सगळं पिंपात सोडलं आणि काठाशी बसून पुढचे बेत सुरू केले. घमेलं, पहार, नांगराचा फाळ. फाळच तांब्याचा झाल्यावर बंबाकडे बघणार कोण?

आता नात दहावीला आहे. परवा तिनं पुस्तकातला प्रयोग वाचून दाखवला. लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या पाण्यात घातला की पाण्यातलं तांबं खिळ्यावर बसतं आणि तेवढं लोखंड पाण्यात उतरतं. "नुसता थर असतो गं आजी, आतून खिळा लोखंडाचाच." हा धडा आमच्याही पुस्तकात असणार. मी त्या दिवशी खिडकीतून बाहेर बघत असेन.

तर दुपार झाली. रानातून माणसं जेवायला आली. सासूबाई चुलीपाशी पीठ मळून बसलेल्या.

"तवा कुटं गेला गं?"

मी ऐटीत जाऊन पिंपातून तवा काढला आणि सासूबाईंना वळसा घालून थेट जाऊबाईंपुढे धरला. "बघा, तांब्याचा!"

जाऊबाईंनी नुसतं नखानं खरवडलं. लाल भुकटी नखात आली, आणि खालून आमचा जुना तवा डोकावला.

"मोरचुदात बुडवला?" सासूबाई ओरडल्या. "अगं, इख असतं ते! आता त्याच्यावर भाकरी भाजायची व्हय?"

तेवढ्यात पिंपापाशी गेलेल्या सासऱ्यांची हाक आली, "निळं पानी हिरवं कसं झालं? आन् ही सांडशी कुनाची?"

त्या दिवसाची फवारणी गेली. शेजारच्या वस्तीवरून तवा मागून आणावा लागला, तोही मलाच. तिथल्या बायकांनी कारण विचारलं. मी खरं तेच सांगितलं, कारण तोवर माझी अक्कल संपली होती. त्या हसल्या त्या मला परत घरी पोचेपर्यंत ऐकू येत होत्या.

आता आपली माहेरी रवानगी होणार, असं धरून मी गोठ्यामागे रडत बसले. पाठोपाठ जाऊबाई आल्या. त्यांच्या हातात भिजवलेल्या चिंचेची वाटी होती. ती त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या,

"रडू नगं. तांब्याची एवढी हौस हाय ना, मग आजपासनं बंब तुजा. दर शनवारी तूच घासायचा. सात वर्सं झाली, माजी बोटं सोलून निघाल्यात. येनारा-जानारा इचारतो बंब कुनाचा, पन घासू लागू का म्हनून एकानं इचारलं न्हाई."