असे गृहीत धरू

अर्थशास्त्र हे शास्त्र आहे, याबद्दल आमच्या महाविद्यालयात कधीच दुमत नव्हते. एक गृहस्थ तेवढे वेगळे बोलत, आणि ते तासिका तत्त्वावर होते.

त्यांचे आडनाव पगार. आमच्या जिल्ह्यात या आडनावाचे नवल नाही, पण तासावर शिकवणाऱ्या माणसाला ते असावे हे जरा अतीच झाले. "कायमस्वरूपी मला तेवढंच मिळालंय," असे ते म्हणत. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवत असे. मधली भिंत पातळ होती, त्यामुळे त्यांचा तास मला आपोआप ऐकू यायचा. एखादा मुलगा पुस्तकातून वाचू लागे, "असे गृहीत धरू, की सर्व श्रमिक एकसारखे आहेत..." आणि सर कडाडत, "कोणाला विचारून धरलंस?"

वर्ग हसायचा. सर हसत नसत. "अरे, घरात बायकोला गृहीत धरलं तर ती दोन दिवस बोलत नाही. इथे तर आख्खे तालुके धरलेत!"

त्या वर्गात यमुना नावाची हरसूलकडची मुलगी होती. तिची आई दरवर्षी टोळीबरोबर दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जायची. वार्षिक परीक्षेत आठ गुणांचा प्रश्न आला: श्रमाची गतिशीलता स्पष्ट करा. पुस्तकातले उत्तर सोपे आहे. जिथे मजुरी जास्त, तिथे मजूर लगेच जातो. यमुनाने लिहिले, "आमच्या पाड्यावरून एकटी बाई कामाला जात नाही. मुकादमाची जीप येते तेव्हा टोळी जाते. पलीकडच्या बागेत मजुरी जास्त आहे हे सगळ्या बायांना माहीत असते. पण जीप तिकडे जात नाही."

तिला आठापैकी शून्य गुण मिळाले. पाच गुणांनी ती नापास झाली.

उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेऊन सर मुख्य परीक्षकांकडे गेले. त्यांना आवरायला म्हणून मी बरोबर गेलो. माझा काही उपयोग झाला नाही. साहेबांची पीएचडी ग्रामीण मजुरीवर होती आणि ती काचेच्या कपाटात होती. त्यांनी यमुनाचे उत्तर आणि मॉडेल आन्सर शेजारी शेजारी ठेवले.

"यात 'पूर्ण गतिशीलता' हा शब्द कुठे आहे?"

"शब्द नाही, साहेब. ती का नसते, ते आहे."

"हे बघा, उत्तर खोटं आहे असं मी म्हणतच नाही. मॉडेल आन्सरमध्ये नाही, एवढंच."

"मग आन्सर दुरुस्त करा."

"एका पोरीसाठी?"

सर ताडकन उठले. ते दाणदाण जिना उतरू लागले. "आधी माणसांना गृहीत धरतात," ते म्हणाले, "आणि त्यांनी 'आम्ही असे नाही' म्हटलं, की गुण कापतात!" एवढा संतापलेला माणूस त्या इमारतीत मी पहिल्यांदाच पाहत होतो. खरे तर संतापायला तिथे सगळ्यांनाच जागा होती.

नापास झाल्यावर यमुनाची वसतिगृहातली जागा गेली. ती आईबरोबर दिंडोरीला टोळीत गेली. या खेपेला पास झाली नाहीस तर शिक्षण बंद, असे बापाने तिला बजावले होते. आणि फेरपरीक्षा आली ती नेमकी ऑक्टोबरच्या छाटणीत. वेल छाटला की एक-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या जागांना, फुटव्याची पेस्ट लावावी लागते. डोळे परीक्षेसाठी थांबत नाहीत. आदल्या दिवशी तिचा सरांना फोन आला.

"सर, उद्या पेपर हाय. मुकादम सोडत नाय. म्हनतो, बदली बाई दे अन् जा."

सर म्हणाले, "बाईच पाहिजे का?"

सकाळी माझ्या स्कूटरवरून आम्ही बागेत पोहोचलो. मुकादमाने सरांना चपलांपासून चष्म्यापर्यंत पाहिले.

"सर, ह्ये खुर्चीवरचं काम नाय."

"पुस्तकात लिहिलंय, मुकादम. सगळे मजूर एकसारखे असतात."

"कोनी लिवलं?"

सर माझ्याकडे वळले. "बघा. यांना एका वाक्यात कळलं."

यमुनाला मागे बसवून मी नाशिकला निघालो. वाटभर ती माझ्या कानामागे मॉडेल आन्सर घोकत होती. संध्याकाळी तिला परत घेऊन गेलो तेव्हा सर बांधावर बसले होते. पेस्टच्या रंगाने दोन्ही हात मनगटापर्यंत गुलाबी झाले होते, बोटांची आग होत होती. टोळीत दोघींकडेच हातमोजे होते. "पुस्तकातल्या मजुराला हातच नाहीत हो," सर म्हणाले, "मग हातमोजे कुठून असणार?"

मुकादम जवळ आला. "सर, मानूस लय चांगला हाय तुमी. पन निम्म्या बाईचं बी काम नाय झालं."

"लिहून द्याल का?" सरांनी विचारले. "मॉडेलला जोडतो."

पेपरात प्रश्न तोच आला होता. बदलण्याचा त्रास कोणी घेतला नव्हता. यमुनाने लिहिले, सर्व श्रमिक एकसारखे असतात आणि जास्त मजुरी मिळेल तिथे ते तात्काळ जातात. तिला आठापैकी आठ मिळाले. सर मात्र गुलाबी हातांनी आठवडाभर वर्गात गेले, आणि प्राध्यापकाच्या प्रतिष्ठेला हे शोभत नाही असे वरिष्ठांना वाटले. पुढच्या वर्षी 'कार्यभार कमी झाल्यामुळे' त्यांना तास मिळाले नाहीत. मी कायम होतो. मी एक निवेदन लिहिले, त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती.

गेल्या पावसाळ्यात सर वारले. शोकसभेच्या अध्यक्षस्थानी तेच मुख्य परीक्षक होते. पगार सरांनी सिद्धांताची मातीशी सांगड घातली, त्यांचे कार्य चिरंतन राहील, असे ते म्हणाले. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे सभेला कळेना. शेजारी यमुना बसली होती. ती आता आश्रमशाळेत शिकवते. ती माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "पेपरच्या दिवशी बागेत सरांच्या वेलींच्या दोन ओळी राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पेस्ट लावली."