मंगळवारचा योगा

कुंदा तेंडोलकर दुबईच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नऊ वेळा नापास झाल्या, आणि नऊही वेळा कारण एकच, भलेपणा. राउंडअबाउट आला की समोरून येणारा प्रत्येक माणूस त्यांना आपल्यापेक्षा घाईत वाटायचा. 'जाऊ दे बापड्याला' म्हणून त्या थांबायच्या. तो गेला की त्याच्यामागचा बापडा यायचा. मागे हॉर्नांचा कल्ला, शेजारी परीक्षक कपाळाला हात लावून. नवव्या वेळेला एमान नावाच्या परीक्षक बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "ममा, यू आर व्हेरी नाइस. बट खलास."

कुंदाताईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. बर दुबईच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या बाईला गाडी हवी कशाला? एकतीस वर्षं त्या देवळाच्या गल्लीपासून चार पावलांवर राहिल्या. खाली उतरलं की भाजी, कोपरा वळला की मीना बाजार, खाडीपलीकडे जायचं तर अब्राची होडी, लांब जायचं तर मेट्रो. नवरा प्रल्हाद शिपिंग कंपनीत होते आणि कुंदाताई घरी ब्लाऊज शिवायच्या. त्यांचं कटिंग असं, की गिऱ्हाईक सुट्टीला भारतात गेलं तरी तिथल्या शिंप्याकडे जायचं नाही, परत येईपर्यंत कापड तसंच ठेवायचं. बाई कोणत्या खांद्यावर पर्स अडकवते ते बघून त्या बाहीच्या मुंढ्याचं माप अर्धा दोरा कमीजास्त करायच्या.

प्रल्हाद गेल्यानंतर तीन वर्षांनी मुलाने, रोनितने, शहराबाहेर टाउनहाउस घेतलं. प्रल्हादांचे निवृत्तीचे पैसे आणि शिवणाच्या मशिनची कमाई त्यात गेली म्हणून कागदावर मायलेक दोघांचीही नावं. वसाहतीचं नाव विलो व्हॅली. तिथे विलोचं एकही झाड नव्हतं आणि दरी तर मैलोनमैल नव्हती. दोनशे शहाऐंशी घरं, सगळी दुमजली, सगळी बिस्किटाच्या रंगाची. नियम असा की एका घरात एकच कुटुंब, दुकान नाही, पाटी नाही, दोन मजल्यांच्या वर काही नाही. भोवती उंच भिंत आणि तिला एकच गेट.

"आई, बघ ना किती पीसफुल आहे!" रोनित म्हणाला.

होतं खरं शांत. पहिल्या आठवड्यात कुंदाताईंनी गॅलरीत उभं राहून रस्त्यावरून जाणारी माणसं मोजली. सकाळभरात तीन झाली, त्यातला एक माळी दोनदा मोजला गेला होता. घरात सगळं होतं, बाहेर पडायची सोय तेवढी नव्हती. रोनित आणि सून रिद्धी सव्वासातला ऑफिसला जायचे, नात केया स्कूल बसने. टॅक्सीला बर दुबईपर्यंत सत्तर दिरहम. "म्हणजे जवळजवळ सतराशे रुपये!" असं मोठ्याने म्हणून कुंदाताई फोन ठेवून द्यायच्या. रोनित मनापासून म्हणायचा, "आई, तुला कुठे जायचंय ते सांगत जा, मी सोडतो ना." आणि सोडायचाही, शनिवारी, मीटिंग नसेल तर, केयाचं टेनिस झाल्यावर. त्याच्या प्रेमात खोट नव्हती. पण चार वाजता निघायचं म्हणून कुंदाताई तीनपासून साडी नेसून सोफ्यावर बसायच्या आणि साडेपाचला तो जिन्यावरून ओरडायचा, "आई, फाइव्ह मिनिट्स!"

गंमत म्हणजे बस होती. वरच्या बाथरूमच्या खिडकीतून तिचा थांबा चक्क दिसायचा, भिंतीच्या लगेच पलीकडे. हाक मारली तर ड्रायव्हरने मान वर केली असती. पण भिंतीला दार नव्हतं, म्हणून गेटातून बाहेर पडून सगळ्या वसाहतीला वळसा घालावा लागायचा. दोन किलोमीटरच्या वर, कुंदाताईंच्या पावलांनी चाळीस मिनिटं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्या चालत निघाल्या. बर दुबईत त्यांची मैत्रीण आशा हिचं शिवणाचं दुकान होतं, तिथे दिवसभर कटिंग केलं आणि केया क्लासहून यायच्या आत परत आल्या. घरी सांगितलं, क्लबहाउसमध्ये योगा सुरू केलाय, दर मंगळवारी. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. पण कुणाला शंका आली नाही. उलट मे महिन्यात रोनित कौतुकाने म्हणाला, "आई, योगाने काय फिट झालीयस गं! रिद्धी, तूपण जॉइन कर." रिद्धीने सासूच्या उन्हाने रापलेल्या हातांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी कपाटात सनस्क्रीनची नवी ट्यूब आली.

त्या रस्त्यावर अर्ध्या वाटेत एक घाफचं, म्हणजे आपल्या शमीचं, झाड होतं. तिथे त्यांना सगुणा भेटायची. ही रत्नागिरीकडची, वसाहतीतल्या तीन घरांत स्वयंपाक करायची. सकाळी कुंदाताई बाहेर निघायच्या तेव्हा ती आत येत असायची, आणि संध्याकाळी उलटं. दोघी त्या झाडाखाली दोन मिनिटं टेकायच्या, पाणी प्यायच्या, आपापल्या दिशेने जायच्या. सगुणा फक्त मंगळवारी नाही, रोजच चालायची, जुलैमध्येसुद्धा.

सप्टेंबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. आशाचा कटिंग मास्टर कायमचा गावी गेला. "कुंदा, आठवड्याला तीन दिवस ये," ती फोनवर म्हणाली. "दिवाळीचं काम डोक्यावर आहे. एक तारखेपर्यंत सांग, नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." तीन दिवस! कुंदाताईंनी बोटांवर वार मोजले आणि लगेच त्यांना गुडघे आठवले. एका मंगळवारच्या चालण्याने ते गुरुवारपर्यंत बोलायचे. तीन दिवस शक्यच नव्हतं.

दुसरी गोष्ट कंपनीच्या पत्राची. वसाहत बांधणाऱ्या कंपनीला थांब्याच्या बाजूच्या मोकळ्या रेताड प्लॉटवर सहा मजली चार इमारती बांधायच्या होत्या, खाली दुकानं. भिंतीत तिथे वाट निघणार आणि मेट्रो स्टेशनवरून बस थेट आत येणार. दोनशे शहाऐंशी घरांसाठी बस परवडत नाही, माणसं वाढली तर येईल, असा साधा हिशेब होता. मात्र नियम बदलायला निम्म्याहून जास्त घरमालकांची संमती हवी. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांची सही आणि एकच मत. मतं वेगळी पडली तर तो फॉर्म बाद.

कुंदाताईंनी पत्र दोनदा वाचलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना एक सरकारी छापाचा कागद सुंदर वाटला.

रोनितने त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, 'सेव्ह विलो व्हॅली'. तीन दिवसांत दीडशे माणसं जमली. शेजारचा धनंजय त्याचा उजवा हात. ट्रॅफिक वाढेल, किमती पडतील, आणि "काय सांगता, कोण कोण राहायला येईल!" नाश्त्याच्या वेळी रोनितने आईपुढे फॉर्म ठेवला. 'विरोध' वर खूण आधीच केलेली होती, खाली त्याची सही.

"आई, इथे साइन कर. सॅटरडेला ओनर्स मीटिंग आहे."

"ठेव. वाचते."

"त्यात काय वाचायचंय? फ्लॅट्स आले की इट विल बिकम लाइक बर दुबई."

कुंदाताईंनी थालीपिठाचा तुकडा मोडला आणि तो तसाच ताटात ठेवला. पोराला आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि आताही तोंडातून शब्द फुटेना. पण फॉर्म त्यांनी मशिनच्या खणात ठेवला आणि सही केली नाही. रोनित रोज विचारायचा. त्या रोज चष्मा सापडत नसल्याचं सांगायच्या, चष्मा नाकावर असायचा.

त्या मंगळवारी रोनितचं डोकं दुखत होतं म्हणून तो लवकर घरी निघाला. वाटेत घाफखाली त्याला दोन बायका दिसल्या. एक दुसरीला छत्रीची सावली धरून पुठ्ठ्याने वारा घालत होती. गाडी पुढे गेली, थांबली, आणि रिव्हर्समध्ये मागे आली.

"आई?"

कुंदाताईंना चक्कर आली होती, फार काही नव्हतं. पण पोराचा चेहरा पाहून त्यांना आपण देवळात चप्पल चोरताना सापडल्यासारखं झालं. "ही सगुणा," त्या घाईघाईने म्हणाल्या. "हिला आधी थांब्यावर सोड. हिची बस चुकेल."

गाडीत एसीचा आवाज तेवढा होता. सगुणाला ती शांतता सोसवेना. "काकू, हे तुमचे चिरंजीव होय? बरं झालं बाबा, देवासारखे आलात. दर मंगळवारी सांगते त्यांना, उन्हाचं येऊ नका. पण ऐकतील तर ना! ते दुकान म्हणजे जीव की प्राण." मग ती पुढे वाकली. "आता बस येणार होती म्हणे आत. पण इथला कोणतरी साहेब हाय, त्यो येऊ देत नाय. ग्रुप काढलाय त्याने. तुमच्या ओळखीचा आसंल तर जरा सांगा त्याला समजावून."

रोनितने आरशात पाहिलं नाही. "सांगतो," तो म्हणाला.

सगुणा उतरली. गेटवरच्या यूनुसने सलाम ठोकला आणि काच खाली असल्याचं पाहून म्हणाला, "आज माताजी गाडी में! हर मंगल को तो बेचारी पैदल आती हैं, साब." कुंदाताईंची उरलीसुरली लाज तिथे गेली.

घरात पाऊल टाकताच रोनितचा आवाज फुटला. "सात महिने, आई! योगा म्हणे! व्हाय डिडन्ट यू टेल मी? मी सोडलं नसतं का तुला? ड्रायव्हर ठेवला असता. काय कमी केलंय मी?"

"काही कमी नाही केलंस."

"मग?"

कुंदाताई खुर्चीवर बसल्या. "तू सोडलं असतंस रे. तुझ्या वेळेला सोडलं असतंस, तुझ्या वेळेला आणलं असतंस. मला कुणी सोडायला नको. मला जायचंय." त्यांनी एक श्वास घेतला. "आणि कोण कोण राहायला येईल म्हणतोस ना? बर दुबईच्या तीनशे चारमध्ये आपण तिघं राहायचो. वर पठाण, खाली मल्याळी, समोर फिलिपिनो नर्सेस. तुला कांजिण्या आल्या तेव्हा त्यातल्याच एकीने रात्रभर तुझ्या उशाशी बसून काढली. ती कोण कोण होती ना, तशीच माणसं येतील."

रोनितने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. वर गेला. जेवायलाही उशिरा आला, डोळे लाल होते, आणि कारण म्हणून त्याने डोकेदुखी सांगितली. सकाळी मशिनवर नवा फॉर्म होता. 'संमती' वर खूण आणि खाली त्याची सही. कुंदाताईंनी चष्मा न शोधता आपली सही केली.

शनिवारच्या मीटिंगला क्लबहाउस भरलं होतं. विरोधाचं भाषण करायला म्हणून रोनितला पुढे बोलावलं. तो उभा राहिला, कान लालबुंद. घर क्रमांक शहाऐंशी संमती देतंय, एवढं त्याने इंग्रजीत सांगितलं. धनंजय मागून ओरडला, "अरे, ग्रुप तूच काढलास ना?"

"मीच काढला," रोनित म्हणाला. "पण मी फ्लॅटमध्येच वाढलो. आणि माझी आई गेले सात महिने ह्या भिंतीला वळसा घालून बस पकडतेय. मला माहीतच नव्हतं. तुमच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या कशा येतात, विचारलंय कधी? मीपण नव्हतं विचारलं."

शेवटच्या रांगेत बसलेल्या कुंदाताईंना पदराने तोंड झाकावंसं वाटलं आणि उठून नाचावंसंही वाटलं. दोन्ही न करता त्या बसून राहिल्या.

संमती मिळाली, अकरा घरांच्या निसटत्या फरकाने. धनंजय पंधरा दिवस बोलला नाही, मग त्याच्या बायकोला ब्लाऊज शिवून हवा होता म्हणून बोलला. कंपनीचं पत्र आलं तेव्हा रोनित ते नाचवत आईच्या खोलीत घेऊन आला. इमारती आणि बस, अडीच वर्षांत.

"अडीच वर्षं," कुंदाताई म्हणाल्या. त्यांनी पत्राची नीट घडी केली. "छान होईल. सगुणाचे पाय सुटतील. तोवर मी सोमवार ते बुधवार आशाकडे राहते. कळवून टाकलंय तिला."

"म्हणजे तू घर सोडून..."

"घर कोण सोडतंय? कामाला जातेय. तू नाही का रियाधला जात तीन-तीन दिवस?"

रोनितने पत्र परत उघडून तारीख पाहिली. रिद्धी मात्र फोन घेऊन सासूशेजारी येऊन बसली. "आई, तुमचा एमिरेट्स आयडी द्या. आशामावशींच्या फ्लॅटवर राहणारी म्हणून तुमचं नाव सरकारी ॲपमध्ये रजिस्टर करून टाकते, नाही तर उगीच फाइन." केया म्हणाली, "बट आजी, हू विल डू माय वेणी?"

"बाबा घालेल."

पहिल्या बुधवारी रोनित आईला आणायला गेला. मीना बाजारात पार्किंगसाठी पाऊण तास फिरून शेवटी गाडी दूर लावली आणि घामाघूम होऊन दुकानाचा जिना चढला. आत दिवाळीची झुंबड होती. कुंदाताईंच्या तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, समोर एक तरुण मुलगी हात पसरून उभी. भोवती तिघीचौघी एकदमच बोलत होत्या आणि त्या एकेकीला हातानेच गप्प करत होत्या. गेल्या कित्येक महिन्यांत रोनितने त्यांचे डोळे असे हसताना पाहिले नव्हते.

दारात पोरगा दिसला. त्यांना भरून आलं, पण मापाचा आकडा विसरला असता म्हणून त्यांनी आधी तो लिहिला. मग तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"आई, निघूया? पार्किंगचा टाइम संपेल..."

"अजून तिघी आहेत," कुंदाताई म्हणाल्या आणि पायाने एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

रोनितने घड्याळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि कापडांच्या पिशव्या मांडीवर घेतलेल्या बायकांच्या रांगेत, सगळ्यात शेवटी, तो वाट बघत बसला.