मिश्र रक्ताची सिंहीण

लोणावळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, सर्कशीतून सोडवलेल्या जनावरांचं एक केंद्र होतं. तिथं मी नऊ वर्षं एका सिंहिणीला खाऊ घातलं. तिचा बाप गीरचा, आई आफ्रिकेची. जन्म सर्कशीच्या पिंजऱ्यातच. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर ‘संकरित’ असा शेरा आला आणि तिचं पुढचं ठरून गेलं. शुद्ध वंशात मिसळ नको म्हणून पिल्लं होऊ द्यायची नाहीत, लोकांना दाखवायचं नाही, मरेपर्यंत मागच्या पिंजऱ्यात ठेवायचं.

माझी बायको गेली त्याच वर्षी मला हे काम मिळालं. गावी, तिकोणा पेठेतल्या घरी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी सिंहिणीशी बोलायचो. पाऊस किती झाला, भातलावणी कुठवर आली, असलंच काहीबाही. ती येऊन जाळीला अंग घासायची.

पुढच्या आवारातले सिंह डरकाळ्या फोडायला लागले की ती ताडकन उठून उभी राहायची. एके दिवशी मी केंद्राच्या डॉक्टरबाईंना म्हणालो, "म्याडम, हिला त्या म्हाताऱ्या सिंहाच्या शेजारी ठिवा की. मधी जाळी ऱ्हाऊ द्या. आपल्या जातीचं कुनीतरी दिसंल तिला."

"भाऊ, नियमात बसत नाही ते," त्या म्हणाल्या. पण महिनाभर मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा त्यांनी वरून परवानगी आणली.

तिला हलवायच्या दिवशी मी धुतलेले कपडे घालून गेलो. म्हातारा सिंह जाळीपाशी येऊन हुंगायला लागला. सिंहीण मात्र थरथरत आतल्या खोलीत शिरली, ती बाहेरच येईना. चार दिवस तिनं मांसाला तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी मी हाक मारली, तेव्हा पोटावर सरपटत माझ्या बाजूच्या कोपऱ्यात आली आणि सिंहाकडे पाठ करून बसली.

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "हिनं लहानपणापासून माणसंच पाहिलीत, भाऊ. तिला तोच परका वाटतोय."

संध्याकाळी तिला परत मागे नेलं.

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. श्रावणात एका दुपारी गेली. पंचनाम्यावर मी सही केली. नियमाप्रमाणे तिला जाळलं. दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी मला हरणांकडे लावलं. हरणं माणसाची चाहूल लागली की लांब पळतात. वैरण टाकून मी मुकाट्यानं माघारी यायचो.